छेदात कोण? समाजशास्त्राच्या सुरुवातीबद्दल

समाजशास्त्राच्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला एक ओळ पाठ असते: समाजशास्त्राचा जनक ऑगस्त कोंत, शब्द पहिल्यांदा छापला १८३९ मध्ये. ओळ बरोबर आहे. (फ्रेंच क्रांतीतला विचारवंत सीएयेस याच्या हस्तलिखित टिपणांत हा शब्द त्याआधी सापडतो, पण ती टिपणं तेव्हा छापली गेली नव्हती.) कोंतला हा शब्द का घडवावा लागला, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्याने या नव्या शास्त्राचं नाव आधीच ठरवलं होतं, 'सामाजिक भौतिकी'. पण १८३५ मध्ये अडॉल्फ केतले या ब्रसेल्सच्या खगोलशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथाच्या उपशीर्षकात तेच नाव घातलं. कोंतच्या लेखी केतलेचं काम म्हणजे नुसती आकडेमोड होती. त्या आकडेमोडीपासून आपलं शास्त्र वेगळं दिसावं म्हणून त्याने लॅटिन 'सोसियस' आणि ग्रीक 'लोगोस' यांची मोट बांधली आणि आपल्या सहा खंडी ग्रंथाच्या चौथ्या खंडात, ४७ व्या पाठात, 'सोसिओलोजी' हा शब्द वापरला.

तत्त्वज्ञ आणि मोजणारा यांच्या या भांडणातून विषयाला नाव मिळालं. पुढे साठेक वर्षांनी दोघांचं काम एकाच टेबलावर आलं, तेव्हा त्याला पद्धत मिळाली. माझ्या मते समाजशास्त्राची खरी सुरुवात तिथे आहे, आणि ती समजून घ्यायची तर 'जनक कोण' यापेक्षा 'भागाकाराच्या खाली कोणाला घेतलं' हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

आधी तत्त्वज्ञांचा प्रश्न काय होता ते पाहू. १७९१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या कारागिरांच्या श्रेणी, म्हणजे धंद्यांचे जुने संघ, रद्द झाले. त्याच वर्षी १४ जूनला ल शापलिए कायदा आला आणि एका धंद्यातल्या माणसांनी आपल्या समाईक हितासाठी एकत्र जमणंच बेकायदा ठरलं. सुतार, गवंडी, छापखान्यातला कामगार यांच्या आणि शासनाच्या मध्ये जे काही होतं, ते कायद्याने काढून टाकलं. उरली सुटी माणसं आणि वर राज्य. मग ही माणसं एकमेकांना कशाने बांधलेली राहणार?

याला दोन तऱ्हेची उत्तरं आली. गणिती आणि तत्त्वज्ञ काँदोर्से म्हणाला की बुद्धी वाढत जाते, तिच्यासोबत समाज सुधारतो, आणि समाजाच्या प्रश्नांना गणित लावता येतं. हे लिहिलं तेव्हा तो क्रांतीच्याच सरकारपासून लपून बसलेला होता. १७९४ मध्ये कैदेत त्याचा अंत झाला. दुसरीकडे बोनाल्द आणि द मेस्त्र हे राजा व चर्च यांचे कैवारी. त्यांचं म्हणणं, समाज आधी, माणूस नंतर. मला फ्रेंच, इटालियन, रशियन भेटले, 'माणूस' मात्र आयुष्यात कुठे भेटला नाही, असं द मेस्त्र म्हणतो. राजकारण म्हणून ते मागे ओढणारं होतं. पण समाज व्यक्तींच्या बेरजेहून वेगळा असतो, ही समाजशास्त्राची पायाभूत कल्पना याच प्रतिगामी मंडळींकडून आली, हे पाठ्यपुस्तकांनी मोकळेपणाने सांगायला हवं.

कोंतने एकांकडून प्रगती घेतली, दुसऱ्यांकडून सुव्यवस्था, आणि त्यांची नावं ठेवली सामाजिक गतिशास्त्र व सामाजिक स्थितिशास्त्र. १८१७ ते १८२४ तो सँ-सिमों या समाजचिंतकाचा सचिव होता. माणसाचं ज्ञान ईश्वरशास्त्रीय, तत्त्वमीमांसक आणि प्रत्यक्षार्थवादी अशा तीन अवस्थांतून जातं, हा नियम त्याने १८२२ मध्येच मांडला. त्याची शास्त्रांची शिडीही सगळ्यांना ठाऊक असते: गणित, खगोल, भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, समाजशास्त्र. क्रमाचं कारणही त्याने दिलं आहे. वर जाल तसा विषय गुंतागुंतीचा होत जातो आणि प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर उभी असते. समाजावर प्रयोग करता येत नाहीत, तर संकटांना आणि उलथापालथींना निसर्गानेच केलेला प्रयोग समजावं, ही त्याची सूचना मला शिडीपेक्षा मोलाची वाटते. पण ती अमलात आणायला लागणारं हत्यार त्याने स्वतःच फेकून दिलं. समाजाला संभाव्यतेचं गणित लावणं त्याला मुळातच चुकीचं वाटे.

ते हत्यार केतलेकडे होतं. फ्रान्सचं न्यायखातं १८२७ पासून फौजदारी खटल्यांचे वार्षिक तक्ते छापू लागलं होतं. केतलेने ते शेजारी शेजारी ठेवले. १८२६ मध्ये आरोपी ६,९८८, १८२७ मध्ये ६,९२९, १८२८ मध्ये ७,३९६, १८२९ मध्ये ७,३७३. दर शंभरात दोषी ठरलेले ६२, ६१, ६१, ६१. दरवर्षी आरोपी नवे आणि भांडणं नवी, तरी आकडा जागचा हलत नाही. तुरुंग आणि फाशीचा तख्ता यांचाही एक अर्थसंकल्प असतो आणि समाज तो सरकारी करांहून नियमितपणे चुकता करतो, अशा आशयाचं त्याने लिहिलं. व्यक्तीबद्दल काहीही सांगता येत नसताना समूहाबद्दल सांगता येतं, हे इतक्या स्वच्छपणे तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

त्याची चूक पुढच्या पायरीवर झाली. ही स्थिरता कुठून येते? त्याचं उत्तर: 'सरासरी माणूस', ज्याच्या अंगी गुन्ह्याकडे ठरावीक कल असतो. आता हिशोब पाहा. दहा लाखांत दीडशे माणसं आत्महत्या करत असतील, तर सरासरी माणूस आत्महत्या करत नाही. जे सरासरीत दिसतच नाही, त्याचं कारण सरासरी कशी असेल? हा आक्षेप पुढे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने घेतला आणि तिथूनच तो आपल्या उत्तराकडे वळला: आकडा स्थिर राहतो, कारण तो ज्या समूहाचा आहे त्याची बांधणी स्थिर आहे.

दुर्खीमचं १८९७ चं आत्महत्येवरचं पुस्तक परीक्षेत तीन-चार प्रकारांच्या नावांपुरतं उरतं. खरं शिकण्यासारखं त्यातल्या भागाकारांत आहे. विवाहाचा प्रश्न घ्या. १८७३ ते १८७८ या काळात फ्रान्समध्ये आत्महत्या करणाऱ्यांत विवाहित १६,२६४ आणि अविवाहित ११,७०९. नुसतं एवढं वाचलं तर संसाराचा भार माणसाला मारतो असं वाटेल, आणि तसं लिहिणारे होतेही.

पहिली दुरुस्ती: अविवाहितांत लहान मुलंही मोजली जातात, आणि मुलांत आत्महत्या जवळजवळ नसतेच. सोळा वर्षांखालच्यांना छेदातून काढलं की चित्र उलटं होतं. १८६३ ते १८६८ ची सरासरी घेतली तर दर दहा लाख अविवाहितांमागे १७३, विवाहितांमागे १५४.५. दुसरी दुरुस्ती: वय. विवाहितांचं सरासरी वय चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान, सोळावरच्या अविवाहितांचं सत्तावीस-अठ्ठावीस, आणि त्या आकडेवारीत आत्महत्येचं प्रमाण वयासोबत चढत जातं. म्हणजे विवाहितांचा आकडा वयाने आधीच फुगलेला आहे, तरीही तो कमी भरतो. म्हणून तुलना एकाच वयोगटात करायची. त्या वयाच्या अविवाहितांच्या प्रमाणाला विवाहितांच्या प्रमाणाने भागायचं. उदाहरणादाखल, तिशीतल्या अविवाहितांत ३०० आणि विवाहितांत १०० असतील तर उत्तर ३. याला त्याने संरक्षणाचा गुणांक म्हटलं. एकाहून जास्त असेल तर विवाह राखतो, कमी असेल तर विवाहच घातक. विधुर आणि विधवांचा कप्पा वेगळा ठेवायचा. ते विवाहितांत मिसळले तर सगळं बिघडतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत चिवट आहे. निरोगी, स्थिर माणसांचीच लग्नं होत असतील तर? मग गुणांक लग्नाचा नव्हे, निवडीचा. यासाठी त्याला मुलं असलेले आणि नसलेले वेगळे करायचे होते, आणि छापील तक्त्यांत ती माहिती नव्हती. न्यायखात्यातल्या सुमारे २६,००० आत्महत्यांच्या नोंदी त्याचा भाचा मार्सेल मोस याने वय, लिंग, वैवाहिक स्थिती आणि अपत्यं यांनुसार हाताने वेगळ्या केल्या. निकाल असा: मूल नसलेल्या विवाहित पुरुषांचा गुणांक १.५, मुलं असलेल्यांचा २.९. स्त्रियांमध्ये मुलं असलेल्यांचा १.८९, आणि मूल नसलेल्या विवाहितांचा ०.६७. म्हणजे मूल नसलेली विवाहित स्त्री तिच्याच वयाच्या अविवाहितेच्या दीडपट धोक्यात. निवड हेच कारण असतं तर स्त्री-पुरुषांत असा फरक पडला नसता. राखतं ते लग्न नव्हे, कुटुंब. आणि पुरुषाला लग्नातून जे मिळतं ते स्त्रीला मिळत नाही.

इथे दुर्खीम कचरला. आपल्याच तक्त्याने दाखवलेलं स्त्रीचं नुकसान त्याने स्त्रीचं मानसिक जीवन कमी विकसित असतं अशा कारणावर टाकलं, आणि पुढे परस्परसंमतीच्या घटस्फोटालाही विरोधच केला. भागाकार बरोबर होता. त्याचा अर्थ लावताना त्याने आपल्या काळातल्या पुरुषांची समजूत पुढे केली.

धर्माच्या तक्त्यात वेगळी गफलत आहे. प्रॉटेस्टंट देशांत दहा लाखांमागे १९०, मिश्र देशांत ९६, कॅथलिक देशांत ५८. प्रशिया आणि बव्हेरियाच्या प्रांतांतही तोच कल. पण प्रॉटेस्टंटबहुल प्रांतात आत्महत्या जास्त, यावरून त्या प्रॉटेस्टंटांनीच केल्या हे सिद्ध होत नाही. त्या प्रांतातल्या अल्पसंख्य कॅथलिकांनीही केल्या असू शकतील. छेद प्रांताचा आणि निष्कर्ष माणसाचा, असं झालं की काय होतं ते १९५० मध्ये रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवर दाखवलं. परदेशात जन्म आणि निरक्षरता यांचा सहसंबंध (अधिक म्हणजे दोन्ही सोबत वाढतात, उणे म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं) माणसागणिक मोजला तर अधिक ०.११८, राज्यागणिक मोजला तर उणे ०.५२६. चिन्हच उलटलं, कारण स्थलांतरित साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. शिवाय नोंदीचा प्रश्न आहेच. जिथे चर्च अशा मृताला दफनविधी नाकारत असे, तिथे घरचे मृत्यूचं कारण दुसरं सांगत.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरच्या प्रॉटेस्टंट नीतीवरच्या निबंधातही असाच एक तक्ता आहे, बाडेन प्रांतातल्या शाळांचा, मार्टिन ऑफेनबाखरच्या अभ्यासातून घेतलेला. त्यात एका प्रकारच्या शाळांत प्रॉटेस्टंट ६९ टक्के, कॅथलिक ३१, ज्यू ९. बेरीज करा: १०९. मुळात ६९ च्या जागी ५९ हवं होतं. निबंध १९०४-०५ चा. सॅम्युएल्सन या स्वीडिश अभ्यासकाने ही चूक दाखवली १९५७ मध्ये. तक्त्याची बेरीज करून पाहणं ही या विषयातली पहिली सवय असावी, असं मला मनापासून वाटतं.

आता न्यायखात्यातल्या त्या नोंदींकडे परत. त्या दुर्खीमला उपलब्ध करून देणारा खात्याचा सांख्यिकीप्रमुख होता गॅब्रिएल तार्द, आणि तोच दुर्खीमचा सगळ्यांत मोठा विरोधक. तार्दच्या मते समाज म्हणजे अनुकरण. ते वरून खाली वाहतं आणि अंतर वाढलं की क्षीण होतं. दुर्खीमने याची परीक्षा नकाशावर घेतली. आत्महत्या अनुकरणाने पसरत असेल तर मोठ्या शहरांभोवती लाटांसारखी वलयं दिसायला हवीत. जिल्ह्याहून लहान विभागांचा नकाशा रंगवल्यावर ती दिसली नाहीत. १९०३ मध्ये पॅरिसमध्ये दोघांचा जाहीर वाद झाला, पुढच्या वर्षी तार्द वारला, आणि पाठ्यपुस्तकांत तो हरलेला म्हणून राहिला.

आपल्याकडच्या वाचकाने मात्र त्याला इतक्यात सोडू नये. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्याचा पहिला भाग शुद्ध हिशोबाचा आहे. गटातच लग्न करायचं ठरलं की त्या गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष समसमान राहायला हवेत. नवरा मेला की एक स्त्री जादा, बायको मेली की एक पुरुष जादा. जादा स्त्रीची सोय दोन तऱ्हांनी लावली गेली: सती किंवा सक्तीचं वैधव्य. जादा पुरुषाला जाळणं गटाला परवडत नाही आणि त्याचं ब्रह्मचर्य टिकत नाही, म्हणून त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्यायची. तीन प्रथा एकाच त्रैराशिकातून निघतात, आणि त्यांना नैतिक मुलामा नंतर चढतो.

दुसऱ्या भागात, एका गटाने दार लावून घेतल्यावर बाकीचे गट का बंद झाले, हे सांगायला ते तार्दला बोलावतात. अनुकरणाला दोन गोष्टी लागतात: ज्याचं अनुकरण करायचं त्याला प्रतिष्ठा, आणि रोजचा संबंध. ब्राह्मणांना पहिली होतीच. दुसरीची परीक्षा त्यांनी अंतरावर घेतली, पण मैलांतल्या नव्हे, सामाजिक अंतरावर. ब्राह्मणांना सर्वांत जवळच्या जातींनी तिन्ही प्रथा उचलल्या. त्यांच्याहून दूरच्यांत सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह. आणखी दूर नुसता बालविवाह. सगळ्यांत दूरच्यांनी उचलली ती फक्त जातीवरची श्रद्धा. दुर्खीमच्या नकाशावर जी वलयं सापडली नव्हती, तशी वलयं इथे होती.