नव्वदातून त्रेपन्न: एनएफएलमधल्या नवख्यांचा ऑगस्ट

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ. उन्हाळ्यात प्रत्येकाला ९० खेळाडू बाळगता येतात, हंगाम सुरू होताना फक्त ५३. म्हणजे दर संघामागे ३७ जणांची गच्छंती, लीगभर हिशेब केला तर बाराशेच्या आसपास नावं. मुदत ऑगस्टअखेरच्या मंगळवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दुपारी चारची. २०२५ मध्ये तो दिवस २६ ऑगस्ट होता. पूर्वी काही वर्षं ही कपात टप्प्याटप्प्याने व्हायची, २०२३ पासून एकाच फटक्यात होते.

न्यू जर्सी, डॅलस, शिकागोकडची आपली मंडळी प्रीसीझनचे, म्हणजे हंगामाआधीचे सरावाचे, सामने बघायला जातात आणि मध्यंतराला पार्किंगकडे निघतात, कारण ओळखीची नावं तोवर बाकावर जाऊन बसलेली असतात. माझ्या मते बघण्यासारखं जे असतं ते तिथूनच सुरू होतं.

आधी स्पर्धा नेमकी कशासाठी आहे ते बघू. ५३ म्हणजे साधारण २५ आक्रमणाचे, २५ बचावाचे आणि तीन खास कामाचे: किकर, पंटर (चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे लांब मारून देणारा), लाँग स्नॅपर (लाथ मारण्यासाठी चेंडू पायांमधून मागे फेकणारा). ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या तीन फेऱ्यांत घेतलेल्यांना सहसा कुणी हात लावत नाही, कारण संघाने त्यांच्यावर पैसा आणि अब्रू दोन्ही लावलेली असते. सुरुवातीचे २२, त्यांचे ठरलेले बदली खेळाडू, हे सगळे धरले की चाळीस-पंचेचाळीस जागा कॅम्पआधीच भरलेल्या असतात. उरलेल्या आठ-दहा जागांवर सहाव्या-सातव्या फेरीतले, ड्राफ्टच न झालेले आणि तिशीकडे झुकलेले जुने गडी असे सगळे तुटून पडतात. या शेवटच्या जागा ‘सहावा रिसीव्हर’ (पास झेलणारा) किंवा ‘पाचवा कॉर्नरबॅक’ (त्याला रोखणारा) म्हणून मिळत नाहीत. त्या स्पेशल टीम्समुळे, म्हणजे चेंडू लाथेने मारायच्या वेळी उतरणाऱ्या पथकांमुळे, मिळतात आणि रोस्टरच्या, म्हणजे संघाच्या यादीच्या, नियमांच्या गणिताने मिळतात. टाळ्या मिळवणारा झेल त्यात फार खालच्या क्रमांकावर येतो.

गणित ड्राफ्टच्या शनिवारी संध्याकाळीच सुरू होतं. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत २५७ नावं होती. शेवटचं नाव पुकारलं जाण्याआधीच एजंटांचे फोन खणखणायला लागतात आणि तासाभरात बहुतेक करार तोंडी ठरतात. ड्राफ्ट न झालेल्याचा करार तीन वर्षांचा, किमान पगाराचा. सहीचा बोनस तुटपुंजा, कारण अशा सगळ्या बोनसवर मिळून संघाला मर्यादा असते. नवखा इथे हमखास चुकतो तो जास्त बोनस देणाऱ्याकडे जाऊन. बघायचं असतं ते त्या संघाच्या डेप्थ चार्टकडे, म्हणजे प्रत्येक जागेवरच्या खेळाडूंच्या क्रमाकडे. आपल्या जागेवर आधी किती जण आहेत, त्यातल्या किती जणांचा पगार हमीचा आहे, यंदा त्याच जागेसाठी ड्राफ्टमध्ये कुणाला घेतलं का, गेल्या तीन-चार वर्षांत या संघाने ड्राफ्ट न झालेले किती जण ५३ मध्ये ठेवले. मूळ पगारातली थोडीशी रक्कम जरी हमीची करून मिळत असेल, तर ते बोनसपेक्षा चांगलं लक्षण. त्या मुलाला काढलं तरी पैसे जाणार म्हटल्यावर संघ त्याला प्रॅक्टिस स्क्वाडवर (५३ बाहेरच्या सरावाच्या तुकडीत) तरी ठेवायचा विचार करतो. सातव्या फेरीत अगदी शेवटी भलत्याच ठिकाणी निवडलं जाण्यापेक्षा न निवडलं जाऊन संघ स्वतः निवडणं कित्येकदा फायद्याचं ठरतं. ड्राफ्टमध्ये नाव न आलेल्या मुलाच्या आईवडिलांना ते त्या रात्री पटत नाही, एवढंच.

फोनही न आलेल्यांसाठी आणखी एक खिडकी आहे. मे महिन्यातल्या रूकी मिनीकॅम्पला, म्हणजे नवख्यांच्या छोट्या शिबिराला, काही मुलं करार नसताना, नुसत्या चाचणीसाठी बोलावली जातात. माल्कम बटलर २०१४ मध्ये असाच न्यू इंग्लंडकडे आला आणि १ फेब्रुवारी २०१५ ला सिअॅटलविरुद्ध गोल रेषेवर चेंडू हिसकावून त्याने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. अॅडम थीलन २०१३ मध्ये याच वाटेने मिनेसोटाकडे आला. त्याचं पहिलं वर्ष प्रॅक्टिस स्क्वाडवर गेलं. २०१४ मध्ये अडवलेला पंट उचलून त्याने टचडाऊन केला, म्हणजे चेंडू गोल रेषेपार नेला, आणि पुढे दोनदा प्रो बोलसाठी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघासाठी) निवडला गेला तो रिसीव्हर म्हणून. क्रम लक्षात घ्या: आधी स्पेशल टीम्स, मग रिसीव्हर.

मे-जूनच्या सरावांत पॅड नसतात, धक्काबुक्की नसते. तिथे डोकं तपासलं जातं. प्लेबुक आता टॅबलेटवर मिळतं आणि रोज त्यात नवी भर पडते. नवखे एकच जागा पाठ करतात आणि तिथेच अडकतात. रिसीव्हरने एक्स, झेड आणि स्लॉट या तिन्ही जागांचे मार्ग शिकायला हवेत, कारण कुणाचा तरी स्नायू दुखावला की कोच ओरडून जागा बदलतो आणि तेव्हा विचारायला वेळ नसतो. लाइनमनचं, म्हणजे पुढच्या फळीत अडवणाऱ्यांचं, तर आणखी स्पष्ट आहे. सामन्याच्या दिवशी ५३ पैकी ४८ जणांना तयार ठेवता येतं, पण अट अशी की त्यात आठ आक्रमणाचे लाइनमन हवेत, नाहीतर ४७. पाच मैदानावर, म्हणजे बदली फक्त तीन, आणि या तिघांनी मिळून डावा-उजवा टॅकल, दोन्ही गार्ड आणि सेंटर सांभाळायचं. म्हणून जो गार्ड सरावानंतर थांबून शॉटगनचे स्नॅप टाकायला (मागे दूर उभ्या क्वार्टरबॅककडे, म्हणजे पास देणाऱ्याकडे, चेंडू पायांमधून फेकायला; हे सेंटरचं काम) शिकतो, त्याची किंमत दुप्पट होते. तिसऱ्या फळीच्या सरावात स्नॅप सारखे घरंगळताना दिसले तर तिथे बहुधा एखाद्या गार्डला सेंटर बनवायचा प्रयोग चालू असतो.

आता स्पेशल टीम्स. किकऑफ (खेळ सुरू करणारी लाथ), किकऑफ रिटर्न (तो चेंडू घेऊन परत धावणं), पंट आणि पंट रिटर्न ही चार मुख्य पथकं. शेवटच्या जागांवरच्या मुलाने यांतल्या किमान तिघांत तरी बसायलाच हवं. पहिली बैठक चुकवणारा किंवा तिथे डुलकी काढणारा मुलगा कितीही गुणी असला तरी त्याचं नाव कोचच्या डोक्यातून तिथेच जातं.

पंटवरचा गनर घ्या. चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, चेंडू लांब मारून द्यायचा असतो तेव्हा फळीच्या दोन टोकांना, सीमारेषेजवळ, दोघे जण उभे असतात. चेंडूला पाय लागण्याआधी पुढे धावत सुटायची मुभा फक्त या दोघांना. स्नॅप पंटरकडे पोचायला पाऊण सेकंद, पंटरची पावलं आणि लाथ धरून सगळे मिळून दोन सेकंदांच्या आसपास. चेंडू हवेत साडेचार सेकंद. म्हणजे गनरच्या हातात साडेसहा सेकंद आणि समोर ४०-४५ यार्ड. मोकळ्या मैदानात हे अंतर कुणीही कापेल, पण त्याच्या छातीवर एक, कधी दोन जॅमर (त्याला रोखणारे प्रतिस्पर्धी) बसलेले असतात. पहिल्या दोन पावलांतच निकाल लागतो. खांदा खाली, जॅमरचा हात मनगटापाशी झटकायचा, आणि एकदा बाजूने निसटलो की परत त्याच्यासमोर येऊन त्याला पाठीवर घ्यायचं, म्हणजे त्याला पुन्हा गाठता येत नाही.

नवखे चुकतात ते अशा ठिकाणी. जॅमरला चकवायला स्वतःहून सीमारेषेबाहेर पळतात, त्याला दंड आहे. ढकललं गेलं तर लगेच आत यावं लागतं. झेल घेणाऱ्याने फेअर कॅचसाठी (मी धावणार नाही, धडकू नका अशी खूण म्हणून) हात हलवला तरी वेगात जाऊन आदळतात, पंधरा यार्ड गेले. किंवा अगदी उलट, दहा यार्डांवर थांबून बघत राहतात आणि रिटर्नर बगलेतून निघून जातो. सगळ्यात महागडी चूक गोल रेषेजवळ होते. चेंडू पाच यार्डांच्या आत टप्पा खातो, गनर तो पकडतो, पण पायाचा चवडा रेषेला टेकलेला असतो. टचबॅक, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याला आयता २० यार्डवर, आणि पंटरची सगळी करामत वाया. चांगला गनर चेंडूच्या पुढे जाऊन, पाठ एंड झोनकडे (गोल रेषेमागच्या पट्ट्याकडे) करून, रेषेच्या अलीकडे उभा राहतो आणि चेंडू मागे थोपटतो.

मॅथ्यू स्लेटर या कामाचा आदर्श. २००८ मध्ये पाचव्या फेरीत रिसीव्हर म्हणून घेतलेला हा माणूस, संपूर्ण कारकिर्दीत झेल घेतला एक. प्रो बोलसाठी निवड मात्र दहा वेळा.

किकऑफचं गणित २०२४ पासून पालटलं. आता मारणाऱ्या संघाचे दहा जण प्रतिस्पर्ध्याच्या ४० यार्डवर उभे राहतात, अडवणारे बहुतेक जण पाच ते दहा यार्डांवर समोर, आणि चेंडू जमिनीला किंवा रिटर्नरला लागेपर्यंत कुणी हलायचं नाही. साठ यार्ड धावत येऊन धडकणं संपलं. त्यामुळे निव्वळ वेगापेक्षा जागच्या जागी धक्का देऊन सुटणारी अंगं लागतात: लाइनबॅकर, टाइट एंड, जाडजूड सेफ्टी. २०२५ मध्ये हवेतून थेट एंड झोनमध्ये गेलेल्या किकच्या टचबॅकची जागा ३० वरून ३५ यार्डवर नेली आणि रिटर्न आणखी वाढले. त्यामुळे शेवटची जागा सहाव्या रिसीव्हरला द्यावी की चौथ्या टाइट एंडला, हा वाद अलीकडे टाइट एंडच्या बाजूला जरा कलला आहे.

दुखापतीबद्दल थोडं कटू. हे पोरगे जानेवारी ते एप्रिल ४० यार्डांच्या सरळ धावेसाठी शरीर घडवतात, मग अचानक मे पासून वळणं, थांबणं, मागे पळणं. मांडीचा मागचा स्नायू तिथे दगा देतो. दोन आठवडे सराव बुडाला की तिसऱ्या फळीतल्याला मिळणारे मोजके स्नॅप दुसऱ्याला जातात आणि चित्रफितीवर दाखवायला काही उरत नाही. म्हणून मुलं दुखणं लपवतात. ते दुहेरी नुकसानीचं आहे. नोंद असलेल्या दुखापतीसह संघाने काढलं, तर त्या खेळाडूला ‘वेव्ह्ड इंजर्ड’ म्हणून सोडावं लागतं, आणि कुणी उचललं नाही तर तो संघाच्या जखमी यादीवर येतो किंवा पैशांचा समझोता होतो. शेवटच्या वैद्यकीय तपासणीत ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणून सही केली तर नंतर दावा करणं फार अवघड. प्रत्येक दुखणं त्याच दिवशी ट्रेनरकडे नोंदवणं हाच शहाणपणा.

मग येतो तो मंगळवार. चार वर्षांचा अनुभव जमा न झालेला प्रत्येक खेळाडू काढल्यावर वेव्हरवर जातो, म्हणजे बाकीच्या ३१ संघांना बुधवारी दुपारी बारापर्यंत त्याच्यावर हक्क सांगता येतो. एकापेक्षा जास्त संघांनी मागितला तर आदल्या हंगामात जो तळाला, त्याचा नंबर पहिला. हक्क सांगणाऱ्याने त्याला स्वतःच्या ५३ मध्ये घ्यावं लागतं, म्हणून मागणी थोड्यांनाच येते. चार वर्षांपुढचे जुने खेळाडू मात्र त्या दिवशी वेव्हरवर जात नाहीत, ते थेट मोकळे.

या फरकावर अख्खी खेळी उभी राहते. संघाला भीती असते की हा नवखा पोरगा सोडला तर कुणीतरी उचलेल. मग ते आपल्याच एखाद्या जुन्या खेळाडूला विश्वासात घेऊन सांगतात, आज तुला काढतो, परवा परत घेतो. जागा कुठून येते? ज्या जखमी खेळाडूला हंगामात परत आणायचं आहे, त्याला आधी ५३ मध्ये धरतात आणि दुसऱ्या दिवशी जखमी यादीवर टाकतात. २०२४ पासून अशा दोघांना कपातीच्या दिवशीच यादीवर टाकून नंतर परत आणता येतं, त्यामुळे ही कसरत थोडी कमी झाली, पण संपली नाही. मंगळवारी संध्याकाळची यादी बघून ‘एवढ्या मोठ्या खेळाडूला काढलं!’ म्हणून हळहळू नका, गुरुवारची यादी बघा. याच भीतीचं जुनं उदाहरण पुढे महान ठरलेला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी: २००० मध्ये १९९ वा निवडलेला. न्यू इंग्लंडने त्या वर्षी चार क्वार्टरबॅक ठेवले, एरवी दोन किंवा तीन ठेवतात.

प्रीसीझनच्या चौथ्या क्वार्टरमधल्या स्नॅपची किंमत इथे कळते. ती चित्रफीत ३१ परक्या कचेऱ्यांत बघितली जाते आणि तिथले लोक इतरांच्या काठावरच्या खेळाडूंच्या याद्या जुलैपासून करत असतात.

कुणी उचललं नाही तर प्रॅक्टिस स्क्वाड. जागा १६, शिवाय परदेशी खेळाडूसाठी एक जादा. लोकलमधली चौथी सीट म्हणा हवं तर: बसलात खरे, पण अर्धे बाहेर. २०२५ मध्ये नवख्याला तिथे आठवड्याला १३,००० डॉलर, म्हणजे १८ आठवडे टिकला तर २ लाख ३४ हजार. ५३ मधल्या नवख्याचा किमान पगार ८ लाख ४० हजार. शिवाय १६ मधल्या सहा जागांवर कितीही अनुभवाचा खेळाडू बसू शकतो, म्हणजे खऱ्या नवख्यांसाठी दहाच धरा.

दर सामन्याला स्क्वाडवरच्या दोघांना तात्पुरतं वर घेता येतं, एका खेळाडूला हंगामात तीनदा. चौथ्यांदा हवा असेल तर ५३ मध्ये रीतसर करार करावा लागतो. दुसरा संघ त्याला नेऊ शकतो, मात्र थेट आपल्या ५३ मध्ये, आणि किमान तीन आठवड्यांचा पगार देऊन. अशी बोलावणी बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, जेव्हा कुणाचा तरी गनर जायबंदी होतो आणि रविवारपर्यंत बदली हवी असते.