साचा, नोंद सातवी: मात्रा गिळणारे स्लग

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की साचा (माझ्या छोट्या प्रकल्पांच्या दस्तऐवज साइट ज्यातून काढतो तो नमुना) आता वापरायला तयार आहे, फक्त रंगरंगोटी बाकी आहे. ते मागे घेतो. गेल्या आठवड्यात पहाटे सव्वासहाला निफाडहून मामांचा फोन आला आणि तेव्हापासूनची प्रत्येक संध्याकाळ एकाच गोष्टीत गेली.

"काय रे भाच्या, मीटर शून्य दाखवतंय म्हणून तुझा तो चौकोन स्कॅन केला, तर जाळी धुवायचं काहीतरी उघडलं. टाकी भरून ठेवलीय, सांग काय करू?"

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस, म्हणजे केवडा या बुरशीच्या रोगाच्या भीतीने फवारणी एक दिवसही पुढे ढकलता येत नाही. मी फोनवरच सांगितलं की फ्लो मीटरचा कनेक्टर काढून, पुसून परत बसवा. मीटर चालू झालं, मामा कामाला लागले. पण तीन महिन्यांपूर्वी मी स्वतः ब्लोअरवर (फवारणीच्या यंत्रावर) चिकटवलेला क्यूआर कोड चुकीच्या परिच्छेदावर नेत होता, आणि हे मला वापरणाऱ्याने सांगितल्यावर कळलं.

फवारणीच्या नोंदवहीची दस्तऐवज साइट (मामांनी उघडली ती), ठिबकच्या वेळापत्रकाची आणि आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतल्या टाकीच्या पातळीमापकाची, अशा तिन्ही साइट या एकाच साच्यातून निघतात. म्हणजे चूक एका साइटवर नव्हती, साच्यात होती.

शोध घ्यायला फार वेळ लागला नाही. मार्कडाउन फाइलींतून साइट बांधणारं एमकेडॉक्स शीर्षकांचे अँकर (थेट त्या परिच्छेदावर नेणारा, पत्त्यातला हॅशनंतरचा भाग) बनवायचं काम पायथन-मार्कडाउन या लायब्ररीवर सोडतं. तिथला मूळचा स्लग (शीर्षकावरून पत्त्यासाठी काढलेलं नाव) बनवणारा कोड शीर्षकातलं जे काही आस्कीबाहेरचं, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-अंक-चिन्हांबाहेरचं आहे ते टाकून देतो. मराठी शीर्षकात आस्की काहीच नसतं, त्यामुळे हाती रिकामी ओळ उरते. रिकाम्या ओळींना मग क्रमाने अधोरेषा-१, अधोरेषा-२, अधोरेषा-३ अशी नावं मिळतात. 'मीटर शून्य दाखवत असेल तर' हे त्या पानावरचं चौथं शीर्षक होतं, क्यूआरमध्ये अधोरेषा-४ गेलं. नंतर मी वरच्या बाजूला 'बोर्डोनंतर जाळी धुणे' (बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण) हे शीर्षक घातलं आणि खालची सगळी मंडळी एकेक पायरी सरकली.

सगळ्यात वाईट गोष्ट ही की कुठेच इशारा आला नाही. एमकेडॉक्स १.६ पासून अँकर तपासतो, ते मी चालूही केलं होतं. पण तो तपासतो साइटच्या आतल्या लिंका. ब्लोअरवर चिकटवलेला कागद त्याला कसा दिसणार? आणि अधोरेषा-४ तर अजून जागेवर होतंच, फक्त त्याचा मालक बदलला होता. तुटलेली लिंक निदान बोंब तरी मारते.

पहिला उपाय सोपा वाटला. पायथन-मार्कडाउनमध्येच युनिकोड जपणारा दुसरा स्लग आहे. एक ओळ बदलली, साइट बांधली, पत्ता उघडून पाहिला. माझ्या शीर्षकाचा अँकर झाला होता:

मटर-शनय-दखवत-असल-तर

मी ते दोनदा वाचलं. मीटरचं मटर. 'जोडणी'चं 'जडण', 'फवारणी'चं 'फवरण', 'द्राक्ष'चं 'दरकष'. अक्षरं जागेवर, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त, सगळं साफ.

कारण समजल्यावर मात्र चीड आली. हा स्लग 'शब्दातली अक्षरं सोडून बाकी सगळं काढ' असं सांगतो, आणि शब्दातलं अक्षर कोणतं हे ठरवतं पायथनचं मजकुरातले नमुने शोधणारं री मॉड्यूल. त्याच्या लेखी अक्षर म्हणजे वर्ण किंवा अंक. युनिकोडमध्ये आपल्या काना-मात्रांचा वर्ग वेगळा आहे, त्या 'चिन्हं' आहेत. म्हणून 'म' शब्दात धरला जातो आणि त्याला लागलेली 'ी' विरामचिन्हाच्या रांगेत जाऊन बाहेर फेकली जाते. ज्या भाषेत स्वर व्यंजनाला चिकटून लिहिले जातात, त्या भाषेला हा नियम लावला की अर्थच उरत नाही. हे फक्त दिसायला वाईट आहे असंही नाही. 'वापर' आणि 'वापरा' ही दोन शीर्षकं एका पानावर आली, तर दोन्हींचा स्लग 'वपर', मग दुसऱ्याला शेपूट म्हणून आकडा, आणि क्रम बदलला की परत तोच गोंधळ.

यावर रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल आहे, ते चिन्हांना शब्दाचा भाग मानतं. त्याच्यावर दहा ओळींचा माझा स्वतःचा स्लग लिहिला. तो जोडायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. आधी मी वेगळं पॅकेज करायला निघालो होतो, म्हणजे तिन्ही प्रकल्पांत आणखी एक गोष्ट इन्स्टॉल करणं आलं. मग लक्षात आलं की एमकेडॉक्सच्या हुकमधून (बांधणीच्या मध्ये आपला कोड चालवायची सोय) कॉन्फिगरेशन वाचलं जाताना टीओसीचा, म्हणजे अँकर आणि अनुक्रमणिका बनवणाऱ्या एक्स्टेन्शनचा, स्लग बदलता येतो. साच्यात एक पायथन फाइल, कॉन्फिगमध्ये एक ओळ, बस्स. रात्री साडेअकराला 'मीटर-शून्य-दाखवत-असेल-तर' असा अख्खा, मात्रांसकट अँकर पत्त्याच्या पट्टीत दिसला तेव्हा मी बायकोला उठवून दाखवणार होतो. सकाळी दाखवला.

ती म्हणाली, "छान आहे, मला पाठव." मी पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवला आणि सकाळच्या चहाबरोबर पुढचा धडा मिळाला. कॉपी केल्यावर ब्राउझर देवनागरीचा पत्ता टक्क्यांच्या खुणांमध्ये बदलून देतो. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, आणि दर बाइटला टक्का धरून ३ अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला ९. माझ्या शीर्षकात २० चिन्हं आणि ४ जोडरेषा, एकूण १८४ अक्षरं, आणि वर साइटचा पत्ता. तिच्या फोनवर सहा ओळींचा टक्के-अंकांचा ढीग दिसत होता.

लिंक म्हणून तो चालतो. क्यूआरमध्ये मात्र त्याची किंमत मोजावी लागते. छोट्या पत्त्याचा कोड मध्यम दुरुस्ती पातळीवर (कोडचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता यावा म्हणून ठेवलेली सोय) २९ × २९ चौकटींत बसतो. या लांब पत्त्याला ६१ × ६१ लागल्या. स्टिकरचा आकार तेवढाच, म्हणजे प्रत्येक चौकट निम्म्याहून लहान. आणि ते स्टिकर राहतं कुठे, तर ब्लोअरवर. मी पहिल्यांदा साध्या कागदावर छापून लॅमिनेट करून घेतलं होतं. दुकानदाराने "पाणी आत जाणार नाही" म्हणून सांगितलं, पण दोन फवारण्यांत कडेने पाणी शिरलं आणि मोरचुदाचा निळा डाग कोपऱ्यावर पसरला. आता व्हिनाइलचंच स्टिकर करतो, कडा उचलत नाही आणि ओल्या फडक्याने पुसता येतं. महाग पडतं, पण ब्लोअरवर दुसरं काही लावू नका. तरीही बोर्डोचे शिंतोडे उडणारच. २९ चौकटींचा कोड एक-दोन शिंतोडे सोसतो, बारीक चौकटींचा नाही सोसत.

इथे माझी योजना बदलली. शीर्षक हे वाचणाऱ्यासाठी असतं, ते मी दहादा सुधारणार. अँकर हा छापलेल्या कागदासाठी असतो, तो कधीच बदलता कामा नये. एकातून दुसरं आपोआप काढायचं, हेच मुळात चुकीचं होतं. म्हणून आता प्रत्येक शीर्षकाला हाताने ओळख (आयडी, तीच अँकर होते) द्यायची, रोमन लिपीत, दोन शब्दांची. त्यासाठी पायथन-मार्कडाउनचं ॲट्रलिस्ट हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं (एमकेडॉक्समध्ये ते आपोआप चालू नसतं, विसरलात तर महिरपी कंस शीर्षकातच छापून येतात). शीर्षकाच्या शेवटी महिरपी कंस, त्यात हॅश आणि ओळख.

नमुना पानात ते घातलं, कॉपियरने (साच्यातून प्रकल्प काढून देणारं साधन) नवा प्रकल्प काढायला गेलो आणि कॉपियर कोसळला. म्हणे टिप्पणीचा शेवट सापडत नाही.

कसली टिप्पणी? मी टिप्पणी लिहिलीच नव्हती. पाऊण तास मी चुकीच्या फाइलमध्ये शोधत होतो. मग दिसलं: कॉपियर साच्यातल्या रिकाम्या जागा भरायला आतून जिंजा ही लायब्ररी वापरतो, आणि जिंजात महिरपी कंस आणि लगेच हॅश म्हणजे टिप्पणीची सुरुवात. माझी ओळख त्याला टिप्पणी वाटत होती आणि ती कुठे संपते ते तो फाइलच्या शेवटपर्यंत शोधत होता. उत्तर एका ठिपक्यांच्या जोडीत निघालं. ॲट्रलिस्टमध्ये कंसानंतर कोलन देऊन मग हॅश लिहिलेलं चालतं. कंस आणि हॅशच्या मध्ये कोलन आलं की जिंजा शांत, मार्कडाउन खूश. ज्यांचे साचे जिंजावर आहेत त्यांनी हे आजच लिहून ठेवा.

याच निमित्ताने कुकीकटर (साच्यातून प्रकल्प काढणारं दुसरं साधन) की कॉपियर या जुन्या वादावर माझं मत पक्कं झालं. कुकीकटर न सांगता सगळ्याच फाइलींमधून जिंजा चालवतो, आणि गिटहब ॲक्शन्सच्या (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या कामांच्या) फाइलींत दुहेरी महिरपी कंस पावलोपावली असतात, त्या वगळायची यादी आपणच ठेवायची. कॉपियर फक्त जिंजा शेपूट असलेल्या फाइलींना हात लावतो. आणि खरा फायदा अद्ययावत करण्याचा आहे: साच्यात दुरुस्ती केली, गिटवर टॅग लावला, आणि तिन्ही प्रकल्पांत एकेक आज्ञा दिली की बदल आत येतो, माझे स्थानिक फरक शाबूत ठेवून. गिटहबच्या टेम्प्लेट रिपॉझिटरीने हे होत नाही, तिथून प्रत काढली की नातं तुटलं. ही दुरुस्ती तिन्ही साइटना पोचायला दहा मिनिटं लागली.

हुकमध्ये आता आणखी एक तपासणी घातली आहे. ज्या शीर्षकाला हाताने ओळख दिलेली नाही ते दिसलं की इशारा निघतो, आणि इशाऱ्यालाच चूक मानणारा स्ट्रिक्ट पर्याय चालू असल्यामुळे साइट बांधणीच थांबते. पहिल्या दिवशी ठिबकच्या साइटवर ६३ इशारे आले. ते सगळे हाताने भरले. कंटाळवाणं काम होतं, पण करताना निम्मी शीर्षकं किती ढिसाळ आहेत हेही दिसलं आणि तीही नीट केली.

हे लिहितानाच एक गोष्ट सुचली, आणि बहुधा खरं उत्तर तेच आहे. हॅशनंतरचा भाग सर्व्हरला कळतच नाही, तो ब्राउझरपाशीच राहतो. म्हणजे आधीच छापलेली जुनी स्टिकरं सर्व्हरवरून वळवता येणार नाहीत. मग क्यूआरमध्ये अँकर घालायचाच कशाला? प्रत्येक स्टिकरसाठी एक इवलंसं पान करायचं, पत्त्यात फक्त एक आकडा, आणि ते पान लगेच योग्य परिच्छेदावर उडी मारेल. परिच्छेद उद्या दुसऱ्या पानावर गेला तरी स्टिकर तेच, मी फक्त एक ओळ बदलायची. हुकमध्येच एक तक्ता ठेवून ही पानं तयार करता येतील. हे पुढच्या टॅगमध्ये.

एक छोटा आनंद सांगायचा राहिला. साच्यात भाषेचा कोड मी आळसाने हिंदीचा ठेवला होता, कारण पहिला नमुना तिकडून उचलला होता. तो मराठीचा केला आणि पानावरचा प्रत्येक ल आणि श बदलला. फॉन्टमध्ये मराठी रूपांची सोय असेल, तर ब्राउझर भाषा पाहून ती आपोआप निवडतो. पाकळीचा ल, शेंडीचा श, शाळेच्या पुस्तकात होते तसे. युनिकोडमध्ये अक्षर तेच, फरक फक्त त्या दोन अक्षरी कोडचा. ओळींमधलं अंतरही थोडं वाढवलं, वरच्या रफाराला आणि खालच्या उकाराला श्वास घ्यायला जागा मिळाली.

शोधपेटी अजून आजारी आहे. तिथलं दुखणं याच जातीचं: शोधपेटीमागची लूनर ही लायब्ररी आहे, तो लूनर शब्दाच्या दोन्ही टोकांची 'अक्षर नसलेली' चिन्हं खरवडतो, आणि जावास्क्रिप्टच्या त्या जुन्या नियमात देवनागरीतलं एकही अक्षर अक्षर नाही, त्यामुळे अख्खा शब्दच खरवडला जातो. लूनरची हिंदीसाठीची फाइल लावून गाडी पुढे गेली, पण 'शेतकऱ्यांसाठी' शोधलं की शून्य निकाल, शब्द पानावर डोळ्यांसमोर असताना. चिन्हं एकेक करून छापली तेव्हा कळलं की पानावरचा अर्धा र नुक्त्याच्या ऱ ने टाइप झालाय आणि शोधपेटीत माझ्या फोनने साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक असा पाठवलाय. दिसायला दोन्ही हुबेहूब. युनिकोडचं नेहमीचं एकसारखेकरण या दोघांना एक करत नाही, तो बदल आपणच करायचा. बांधणीच्या वेळी आणि शोधताना, दोन्हीकडे एकाच रूपात आणेन.

मामांच्या ब्लोअरसाठी आकडेवाली तीन स्टिकरं छापायला दिली आहेत. रविवारी निफाडला जाऊन जुनी खरवडून काढायची आहेत, आणि मामांच्याच फोनवर, सकाळच्या उन्हात, ओल्या हाताने स्कॅन करून पाहायचं आहे.