कानापुढचा सांधा

आईच्या कानापुढे ठणका लागायचा, जांभई दिली की कट् असा आवाज यायचा. ईएनटी डॉक्टरांनी कान ठीक असल्याचं सांगितलं आणि दाताच्या डॉक्टरांनी जबड्याच्या सांध्याचं निदान केलं. त्यांच्याच सल्ल्याने आज तिला गंगापूर रोडला ऑस्टिओपॅथीच्या, म्हणजे हातांनी स्नायू आणि सांधे मोकळे करण्याच्या, उपचाराला नेलं.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा, सांधा हलताना जाणवेल. तो आधी फिरतो, मग पुढे सरकतो, आणि मधे एक छोटी चकती असते. ती जागची हलली की आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर बहुतेकदा उपचार लागत नाही. आईचं मात्र झोपेत दात खाणं चालू आहे, त्यामुळे गालाचे आणि कानशिलाचे स्नायू दगडासारखे झालेत.

थेरपिस्टताईंनी सुरुवात मानेपासून केली. मग गाल, कानशिलं, शेवटी हातमोजे घालून तोंडाच्या आतून हलका दाब. कुठेही कडकड मोडणं नाही. आईचे डोळे मिटले तेव्हा मला भरून आलं, खरंच.

ही पद्धत अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये मांडली. जबड्याबाबत तिचे पुरावे अजून मर्यादित आहेत, म्हणून दाताच्या डॉक्टरांचा नाइट गार्डही (रात्री दातांवर घालायचं कवच) चालूच राहणार.

घरी सांगितलंय: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. चिवडा, च्युइंगगम काही दिवस बंद. आणि जबडा अडकला किंवा सूज-ताप आला, तर थेट डॉक्टरांकडे.