बिनमानेची पुंगळी

जुन्या बाजारात लोक नाणी बघतात, घड्याळं बघतात, मी पितळेच्या ढिगात रायफलच्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांच्या पितळी नळ्या, शोधत बसतो. उडवलेल्या, रिकाम्या. जिवंत काडतुसाला मी हात लावत नाही, तो नाद वेगळा आणि त्याचा कायदाही वेगळा.

पुंगळी मिळाली की आधी उलटी करायची, भांड्यावर नाव घातलेलं असतं ना तसं बुडावर सगळं कोरलेलं असतं. के आणि एफ, मधे इंग्रज सरकारचा बाण, म्हणजे आपली खडकी. १८६९ चा दारूगोळ्याचा कारखाना. पुढे रोमन सात असला तर ३०३ ची, म्हणजे इंग्रजी फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलीच्या काडतुसाची, मार्क सात ही आवृत्ती, जी १९१० मधे आली. अशा माझ्याकडे डबाभर आहेत, त्यात काय विशेष नाही.

पण एका रविवारी जी मिळाली तिचं बूड ३०३ चं, कड तीच, आणि वर मानच नाही! ३०३ ची पुंगळी वर बाटलीसारखी निमुळती होते, ही आपली सरळसोट नळी. मला वाटलं कोणीतरी ठोकून सरळ केली असणार, विकणारे काका तर म्हणाले घ्या, उदबत्ती लावायला बरी. घरी व्हर्नियर लावला, कड साडेतेरा मिमीच्या किंचित वर, म्हणजे जात ३०३ चीच. दोन रात्री डोकं खाजवल्यावर उलगडलं की ही ४१० मस्केटची, म्हणजे रायफलीचीच केलेली साधी बंदूक, तिची. बंगालातल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात ली-एनफिल्ड रायफलींची नळी आतून मोठी आणि गुळगुळीत केली, एका वेळी एकच बार निघेल अशी सोय केली आणि त्या बंदुका पोलिसांना, पहारेकऱ्यांना दिल्या. काडतुसासाठी पुंगळी ३०३ चीच, फक्त मान न काढलेली. म्हणजे पहारा आपल्या माणसांनी द्यायचा, पण उद्या यांनीच बंदूक आपल्यावर रोखली तर, ही धास्ती साहेबाला होतीच. धास्तीचा एवढा स्वच्छ पुरावा मी तरी दुसरा हातात धरलेला नाही.

त्या खुशीत सगळा डबा टेबलावर पसरून झोपलो. सकाळी उठून बघतो तर आईने चिंच लावून सगळ्या घासलेल्या, समईसारख्या लखलखीत. मार्क सातच्या बुडात टोपीभोवती, म्हणजे घोडा आपटतो त्या बिल्ल्याभोवती, जांभळ्या लाखेची बारीक रेघ असते, साध्या गोळीची खूण, ट्रेसरला, म्हणजे उडताना चमकत जाणाऱ्या गोळीला, ती लाल असते. माझ्या चार-पाच पुंगळ्यांवर ती अजून शाबूत होती.

"अरे केवढ्या काळ्या पडल्या होत्या," आई म्हणाली.