आमची वाटचाल : दोन मशीन, साठ गोधड्या आणि लाल खण

गोधडी शिवतो म्हटलं की लोक आधी भाव विचारतात आणि मग सांगतात, ‘आमची आजी फुकट शिवायची.’ शिवायचीच. तिच्या हाताशी पावसाळ्याचे चार महिने होते, आमच्या डोक्यावर दिवाळीची तारीख असते.

नाशिकच्या इंदिरानगरात एका पिको-फॉलच्या दुकानामागच्या खोलीत दोघींच्या भागीदारीत काम सुरू झालं. ताईंची काळी पायमशीन आणि आमची जुनी ज्युकी, म्हणजे इंडस्ट्रियल मशीन. ज्युकीला क्लच मोटर होती. ती पाय उचलला तरी घुमत राहते आणि वीज खाते. सर्व्हो मोटर शिवण चालू असेल तेवढीच फिरते, आवाजही नाही. पहिल्या दोन ऑर्डरींच्या पैशातून आधी क्लच काढून सर्व्हो बसवली, खुर्च्या नंतर आल्या. दोन्ही मशीनच्या सुयांचे डबे मात्र आजही वेगळे ठेवतो. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, इंडस्ट्रियलचा गोल, आणि घाईत चुकीचा डबा उघडला की दहा मिनिटं नुसती झटापट होते. मलमलला 11 नंबर, दोन थरांना 14, चार थर झाले की 16. सुई बोथट झाली की ‘टक टक’ असा आवाज येतो. तो आला की सुई फेकायची, वाकली नसली तरी.

आणि मशीनला खोबरेल घालू नका. निफाडचा पारा उतरला की इथेही गारठा येतो. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजायला लागतं आणि सकाळी मशीन जड फिरते. ‘मशीन बिघडली’ म्हणून आलेल्या कितीतरी मशीन आम्ही नुसतं तेल पुसून, मशीनचं तेल घालून परत दिल्या आहेत. पैसे घेतले नाहीत, आता घ्यायला हवे होते असं वाटतं.

पहिली काही वर्षं काम मिळत गेलं. साडीच्या गोधड्या, उशांचे अभ्रे, दारावरची तोरणं. त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. सांगायचं आहे ते साठ गोधड्यांचं.

शहरातल्या एका मोठ्या दुकानाने बाळगोधड्या मागितल्या. माप 36 बाय 36 इंच, मधे क्रीम मलमलचा चौकोन, भोवती कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या लाल खणाची चौकट. खणाचा पन्हा अरुंद, त्यामुळे पट्ट्या कशा बसतील याचा हिशेब आधी कागदावर केला. मधला चौकोन 25 इंच, पट्टी साडेसहा इंच, प्रत्येक जोडाला दोन्हीकडून अर्धा इंच शिलाईत जातो. कडेला अडीच इंची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी. चारही बाजू मिळून 144 इंच, कोपरे आणि जोड धरून 154 कापायची. आत जुन्या सुती साडीचे दोन थर. हे सगळं बरोबर होतं.

रंगाचं चुकलं. खण रात्रभर मिठाच्या गार पाण्यात ठेवला, सकाळी पाणी स्वच्छ दिसलं आणि आम्ही कापायला घेतला. मीठ रंग चढवताना कामाला येतं, चढलेला रंग ते पक्का करत नाही. व्हिनेगरही सुती कापडाला काही करत नाही. गार पाण्यात जो रंग गप्प बसतो तो गरम पाण्यात सुटतो. दुकानाने एक गोधडी गरम पाण्यात धुतली, वाळवली, वर इस्त्री फिरवली आणि तोच गुलाबी झालेला चौकोन पुरावा म्हणून समोर टाकला. शिवाय मलमल आटली होती आणि खण जवळपास तसाच होता, त्यामुळे चौकटीला झालरीसारख्या चुण्या पडल्या होत्या. साठच्या साठ परत आल्या. आधी दिलेल्या अभ्र्यांचं बिल मात्र तिकडेच राहिलं. अभ्र्यांमध्ये दोष नव्हता, हे त्यांनीही नाकारलं नाही. पैसे अडवले, एवढंच.

चार दिवस मशीन झाकून ठेवली. ताई म्हणाल्या, ‘खण उसवून दुसरा लावू.’ दोन मिलिमीटरच्या बारीक टिपा उसवायला शिवण्याच्या तिप्पट वेळ लागतो, मलमलला भोकं पडतात ती वेगळी. म्हणून आता आतली जोडणी अडीचवर आणि गोधडीची टीप तीन ते साडेतीनवर.

शेवटी सुटणारा रंग काढून टाकायला प्रत्येक गोधडी वेगळ्या बादलीत, साठेक अंश गरम पाण्यात, साबणाची पूड घालून बारा तास ठेवली. पाणी भरपूर हवं. थोड्या पाण्यात सुटलेला रंग परत कापडावर बसतो, भरपूर पाण्यात तो पाण्यातच राहतो. पाणी गुलाबी झालं की बदलायचं, आणि डाग दिसत असेपर्यंत वाळवायचं नाही, इस्त्री तर नाहीच. हा नियम पाळूनही 41 वाचल्या, 19 गेल्या. गॅसचा सिलिंडर किती वेळा बदलला ते ताईंच्या वहीत आहे.

पंचवटीच्या काकू तेव्हा आपल्या नऊवारीची गोधडी न्यायला आल्या होत्या. ढीग पाहून म्हणाल्या, ‘अगं, बाळाला गुलाबी चालत नाही का?’ आणि 19 मधल्या दोन पूर्ण भावाने घेऊन गेल्या. उरलेल्या 17 आम्ही पुढच्या मोठ्या गोधड्यांमध्ये आतला थर म्हणून घातल्या. काकू आजही येतात, साडी आणताना फॉल काढून, धुऊन, घडी घालून आणतात. असं गिऱ्हाईक असलं की भावावर घासाघीस होत नाही.

त्याच दुकानात नंतर ‘गोधडी’ या नावाने दुसऱ्याकडचा माल दिसू लागला. पॉलिस्टर फायबरची तयार शीट, वरून छापील कापड, चार बाजू ओव्हरलॉक. भाव आमच्या निम्मा. विकावी, हरकत नाही, पण तिला गोधडी म्हणू नये. उन्हाळ्यात ती अंगावर घेऊन झोपून पाहावं.

आता कुठलंही नवं कापड आलं की आधी 50 सेंटिमीटरचा चौकोन आखून धुतो, वाळवतो, इस्त्री करून मोजतो. 48 भरला तर चार टक्के आटलं, म्हणजे 90 इंचांच्या गोधडीला जवळपास 94 इंच कापायचं. रंगासाठी ओलं पांढरं सुती कापड खणावर ठेवून कडक इस्त्री दाबतो. पांढऱ्यावर लाल उमटलं तर तो ठाण पांढऱ्याशेजारी लागत नाही. सगळी धुलाई फेब्रुवारी ते मे. जुलैत नाशिकला कापड वाळत नाही, कुबट वास धरतं.

मशीनवर टीप घालताना मधून सुरुवात करून कडेकडे जातो. कडेपासून आत गेलं तर वरचा थर पुढे ढकलला जाऊन मधे फुगवटा येतो. वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही खालच्याबरोबर सरकवणारा मशीनचा पाय, लावला तर त्रास निम्मा होतो. तो नसेल तर मशीनच्या पायाचा दाब कमी करा आणि थरांना वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला.

साडीची गोधडी हवी असेल तर पाचवारी मधोमध कापून दोन तुकडे काठाशी काठ जोडले की साधारण 90 बाय 108 इंचांचा एक थर होतो. डबलबेडला असे चार थर लागतात, म्हणजे चार साड्या. सुतीच आणा, सिंथेटिक आत घसरते. जरीचा काठ कापून वेगळा ठेवतो, तो अंगाला टोचतो आणि टीप घालताना दोरा तोडतो. फॉल काढलेला असावा. निम्मे पैसे आधी. दुकानांसाठी पूर्ण.