नगरसेवक व्हायचंय? आधी घरपट्टीची पावती काढा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसीलसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. एरवी पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, ई-केवायसी हेच चालतं. 2025 च्या नोव्हेंबरात मात्र निम्मं गाव नगरसेवक व्हायला निघालं होतं आणि त्यांची वाट माझ्या दुकानावरून जात होती.

ओबीसी आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टात अडकला, निवडणुका लांबल्या आणि चार वर्षांच्या आसपास नगरपरिषदेत प्रशासक बसला. तोवर हौशी मंडळी साचतच गेली. अर्जाची मुदत 10 ते 17 नोव्हेंबर. राज्य निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर भरायचा, छापायचा, सही करून निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. दिवसा साईट हलायची नाही, म्हणून रात्री बसायचे. शेवटी शेवटी कागदी अर्जही घेतो म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

मत द्यायला एक बोट पुरतं. उभं राहायला फाईल लागते. वय 21 पूर्ण, मतदारयादीत नाव, सूचक, मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र, निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं, आणि नगरपरिषदेची थकबाकी नसल्याचा दाखला. नोटिशीला कधी भीक न घालणारे लोक त्या आठवड्यात घरपट्टी, पाणीपट्टी भरून पावती लॅमिनेट करायला आणत होते. नगरपरिषदेची वसुली वाढवायची तर दरवर्षी निवडणूक घ्यावी, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

लेकरांचा नियम तर लोक हमखास विसरतात. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर उभं राहता येत नाही. एका काकांना विचारलं, धाकट्याचा जन्म कधीचा?

"पोयाच्या दिवशीचा."

"काका, साल?"

घरी जाऊन शाळेचा दाखला आणला. 2003. काका जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मंग बुढीले उभी करतो."

"काका, लेकरं तिचीच ना?"

हे हसण्यावारी गेलं, पण जात पडताळणीत हसू येत नाही. ओबीसीच्या राखीव जागेवर उभं राहायचं तर 1967 च्या आधीचा पुरावा शोधा: आजोबांचा शाळेचा दाखला, नाही तर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल. प्रमाणपत्र हाती नसेल तर निदान समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र. पक्षाच्या उमेदवारामागे धावायला चार पोरं असतात. अपक्ष बाईनं कापसाची वेचणी सोडून जिल्ह्याच्या गावी दोन चकरा मारल्या की तिची आठवड्याची कमाई गेली. नियम चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पण माझ्या दुकानातून जे अर्धवट फाईल घेऊन परत गेले, ते बहुतेक याच वर्गातले होते, ठेकेदार एकही नव्हता.

स्त्रियांना 50 टक्के जागा 2011 पासून आहेत. आमच्याकडे एक वहिनी नवऱ्यासोबत आल्या. नाव, शिक्षण, शेती, दागिने, सगळं तेच सांगत होते. ओटीपी मागितला तर म्हणाले, "तिचा फोन माह्यापाशीच असते." वहिनी शपथपत्र मात्र ओळ न ओळ वाचत होत्या. खात्याच्या रकान्याशी थांबल्या आणि मला विचारलं, "खातं माह्या नावानं, तं पैसेबी मीच काढीन ना जी?" मी म्हटलं, सही तुमचीच चालणार. भाऊंनी बाहेर जाऊन खर्रा थुंकला.

मतदान 2 डिसेंबरला, सकाळी 7.30 ते संध्याकाळी 5.30. सुट्टी नोकरदारांना, वेचणीच्या बायांना किलोवर मजुरी, त्यांना कसली सुट्टी? त्या एक तर उजाडताच रांगेत लागल्या, नाही तर दिवस कलल्यावर ओटीत कापसाच्या बोंडांचा कचरा घेऊन आल्या. त्यात इथं मतं तीन: नगराध्यक्षाचं एक, प्रभागातल्या दोन सदस्यांची दोन. तिन्ही झाल्याशिवाय मशीनचा लांब आवाज येत नाही. माझ्यापुढची आजी एकच बटण दाबून निघाली. आतले साहेब ओरडले, "आजी, अजून दोन राहिले!" आजी म्हणे, "मले एकच माणूस पसंत हाय, बाकीचे तुम्हीच दाबा." मग 'नोटा', म्हणजे यापैकी कोणीच नको हे बटण, समजावून सांगता सांगता साहेबांना घाम फुटला.

निकाल दुसऱ्या दिवशी लागणार होता, तो हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानं 21 डिसेंबरवर गेला. तोवर मशीन कुलपात आणि पोरं बाहेर शेकोटी पेटवून राखणीला.

वहिनी हरल्या. भाऊ म्हणाले, आता कशाले हिशोब? पण खर्चाचा हिशोब हरलेल्यानंही 30 दिवसांत द्यायचा असतो, नाही तर आयोग अपात्र ठरवू शकतो. वहिनी एकट्याच आल्या, मंडपाची, रिक्षाच्या भोंग्याची, चहाची बिलं पिशवीत घेऊन. सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या, पोच घेतली. जात पडताळणीचं काय करायचं, तेही तिथंच विचारून घेतलं.

तुमच्यापैकी कोणाला पुढच्या वेळी उभं राहायचं असेल तर जात पडताळणीचा अर्ज आताच टाका. दुकान रविवारी बंद असतं.