बाबांचं घोरणं, पुराव्यासकट
आज बाबांना मोबाईलच्या अ‍ॅपवर केलेलं त्यांच्या घोरण्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं. "हा मी नाहीच, शेजारचे असतील!" परळच्या आमच्या वन रूम किचनमध्ये तेही अशक्य नाही म्हणा, अ‍ॅपने पंखा आणि पहिली लोकलसुद्धा टिपलीय. पण मधेच आवाज बंद, आलेखावर सपाट रेघ, मग एकदम घुसमटून घेतलेला श्वास. ते ऐकून बाबा गप्पच झाले.

झोपेत श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबला की त्याला अ‍ॅप्निया धरतात. तासाला 30 किंवा जास्त वेळा म्हणजे तीव्र. फोनला फक्त आवाज कळतो, रक्तातला ऑक्सिजन नाही. त्यामुळे निदान स्लीप स्टडीनंतरच, म्हणजे झोपेत श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीनंतर.

आई फणकारली, "मी इतकी वर्षं सांगतेय ते खोटं, मोबाईलने सांगितलं की खरं!"

सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय.